पशुवैद्यकीय शिक्षण, शिष्यवृत्ती आणि आपला हक्क

(विद्यार्थी व पालक यांच्या सभेत एका वकिलाने केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काही वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात एक शंका आली असेल. ज्या ढोरांच्या कामापायी आपले वाडवडील गावकुसाबाहेर राहिले, त्याच ढोरांपाशी आपल्या मुलामुलींना पुन्हा कशासाठी पाठवावयाचे? ही शंका रास्त आहे. तिचे निरसन केल्यावाचून शिष्यवृत्तीची माहिती सांगणे व्यर्थ होय.

मेलेले ढोर ओढण्याचे काम आपल्या पूर्वजांवर वतनाच्या जोखडाने लादलेले होते. त्यास नकार देण्याची मुभा त्यांना नव्हती. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस टाकण्याचा उपदेश केला; १९२८ साली त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडले; आणि पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने नष्ट झाली. यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. लज्जास्पद होती ती सक्ती. मुक्या जनावराची त्यात काय चूक? जिवंत गाईला लस टोचणारा, तिची जखम धुऊन बांधणारा शिक्षित तरुण जेव्हा शेतकऱ्याच्या गोठ्यात पाऊल टाकतो, तेव्हा तो विद्येच्या अधिकाराने टाकतो. सम्राट अशोकाने गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्यांच्या चिकित्सेबरोबर पशूंच्या चिकित्सेचीही व्यवस्था केल्याचे नमूद केले आहे. म्हणून या विद्येकडे आपण हीन दृष्टीने पाहू नये.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाच्या कलम ३० अन्वये पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पदवीधरासच करता येतो. तथापि त्याच कलमात एक परंतुक आहे. पशुवैद्यकीय पर्यवेक्षक किंवा त्यासारखी पदविका अथवा प्रमाणपत्र धारण करणाऱ्यास राज्य शासनाच्या आदेशाने लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी यांसारख्या प्राथमिक सेवा देता येतात. मात्र त्या नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली दिल्या पाहिजेत. आपल्याकडे पशुधन पर्यवेक्षक म्हणून जे ओळखले जातात, ते याच वर्गातील होत. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत पदवीप्रमाणे पदविकेचे अभ्यासक्रमही चालतात. येथे पालकांनी एक सावधगिरी बाळगावी. प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी ती संस्था व तो अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे काय, हे लेखी विचारून घ्यावे. मान्यता नसलेल्या वर्गाचा कागद नोकरीस उपयोगी पडत नाही, आणि अशा वर्गास शिष्यवृत्तीही मिळत नाही.

शिष्यवृत्ती म्हणजे सरकारची मेहेरबानी, असा समज आपल्या वस्त्यांतून अद्याप आढळतो. तो समूळ काढून टाका. १९४२ साली बाबासाहेबांनी गव्हर्नर-जनरलना सादर केलेल्या निवेदनात अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी निधीची मागणी केली. कला व कायदा या शाखांपेक्षा विज्ञान व तंत्र यांचे शिक्षण आपल्या समाजास अधिक उपकारक होईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. मी स्वतः कायद्याचा पदवीधर असूनही ते मला पूर्णपणे मान्य आहे. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, ती या झगड्यातूनच.

तथापि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपणांस याच हक्काची किंमत मोजावी लागली. १९५० च्या आदेशात हिंदूंवाचून अन्य धर्मीयांस सर्वसाधारणपणे अनुसूचित जातीत स्थान नव्हते. १९५६ साली शिखांचा समावेश झाला. बौद्धांचा मात्र १९९० साली, म्हणजे चौतीस वर्षांनी झाला. मधल्या काळात, १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर, राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या. म्हणून नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, शिष्यवृत्ती जाईल या भीतीने अर्जातील धर्माच्या रकान्यात दुसरे काही लिहू नका. ‘बौद्ध’ असेच लिहा. १९९० च्या दुरुस्तीनंतर त्या भीतीस कायद्यात आधार उरलेला नाही.

मात्र आपले कुटुंब मूळचे कोणत्या अनुसूचित जातीचे, हे सिद्ध करावे लागते. आणि २००० सालच्या जात प्रमाणपत्राच्या कायद्याप्रमाणे पुराव्याचा भार आपणांवर आहे. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदवहीतील उतारा, जन्ममृत्यूची नोंद अथवा जमिनीचा कागद आजच शोधा. प्रवेशाच्या आठवड्यात ही शोधाशोध सुरू केली, तर मुलाचे वर्ष वाया जाईल.

२०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २॥ लाख रुपये ठेवण्यात आली. शिक्षणशुल्काखेरीज मिळणारा निर्वाह भत्ता अभ्यासक्रमाच्या गटाप्रमाणे व वसतिगृहात राहण्या-न राहण्याप्रमाणे वर्षास २,५०० पासून १३,५०० रुपयांपर्यंत ठरविण्यात आला. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा व ४० टक्के राज्याचा असून, रक्कम विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा करण्याची व्यवस्था आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी राज्याने २०१७ च्या निर्णयाने बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना सुरू केली. अर्ज दरवर्षी मुदतीत करावा व त्याची पोच जपून ठेवावी. अर्ज अडला, तर जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांजकडे लेखी तक्रार द्यावी. तोंडी विनवणीचा पुरावा राहत नाही.

शेवटी मातापित्यांस एकच विनंती. ही संधी केवळ मुलांसाठी आहे असे समजू नका. गावोगावी गाईम्हशींचे व शेळ्यांचे करणे बहुधा स्त्रियांच्याच हाती असते. शिकलेल्या मुलीस त्या आपले म्हणणे अधिक मोकळेपणाने सांगतील. ज्या गावाने आपल्या आजोबांस मेलेले जनावर ओढावयास बोलाविले, त्याच गावाने आपल्या नातीस आजारी जनावर वाचविण्यासाठी सन्मानाने बोलवावे, यासाठी आज रात्री घरातील कागदपत्रांची पेटी उघडा.

जय भीम.