झुरीची किंमत साठ नाणी



काल याच मंडपातल्या परिसंवादात एक वक्ते म्हणाले, "अभिजात साहसकथा पुन्हा लिहिणं हा उसनवारीचा धंदा आहे. ज्यांना स्वतःचं सुचत नाही, तेच असलं लिहितात." टाळ्याही पडल्या. समारोपात अध्यक्षाने सगळ्यांची पाठ थोपटावी अशी रीत आहे. ती मी आज मोडतो. हे मत मला अजिबात मान्य नाही.

डॅनिअल डिफोची 'रॉबिन्सन क्रूसो'च घ्या. ती १७१९ सालची. बेट, बकऱ्या, पोपट, वाळूतलं एकच पाऊल, हे सगळं आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण पाचवीत मी वाचलेल्या संक्षिप्त मराठी पुस्तकात झुरी नव्हता. तो मला भेटला कॉलेजात, मूळ कादंबरी हाती आल्यावर.

क्रूसो स्वतः मोरोक्कोच्या किनाऱ्यावर गुलाम होता. तो पळाला तेव्हा झुरी नावाचा मुलगा त्याच्या होडीत होता. अनोळखी किनाऱ्यावर पाण्यासाठी उतरायची वेळ आली. झुरी म्हणाला, मी जातो. मला कुणी खाल्लं तर तुम्ही निसटा. त्याच झुरीला क्रूसोने एका पोर्तुगीज कप्तानाला ६० नाण्यांना दिला. ख्रिस्ती झाला तर दहा वर्षांनी मोकळा करू, एवढी बोली. पुढे ब्राझीलमध्ये मळा काढल्यावर क्रूसोला झुरीची आठवण येते, तीही कामाला हात कमी पडतात म्हणून. आणि जे जहाज फुटून तो बेटाला लागला, ते निघालं होतं आफ्रिकेतून गुलाम आणायला. आपल्या संक्षेपकारांनी हे वगळलं. म्हणजे कादंबरीची मोडतोड पहिल्यांदा केली ती आपणच, आणि तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही.

आता पुनर्लेखकांकडे बघा. जे. एम. कुट्सी यांच्या १९८६ च्या 'फो' कादंबरीत क्रूसोच्या बेटावरच्या नोकराला, फ्रायडेला, जीभच नाही. त्याच बेटावर येऊन पडलेली सुझन बार्टन त्याची कहाणी शब्दांत पकडायला जिवाचा आटापिटा करते आणि हरते. कुट्सी त्याच्या तोंडी टाळ्यांची भाषणं घालत नाहीत. आपल्या हाती नसलेली गोष्ट आपल्या हाती नाही, हे कबूल करायला मोठी ताकद लागते. डेरेक वॉलकॉट यांच्या १९७८ च्या 'पँटोमाइम' नाटकात टोबॅगोतला इंग्रज हॉटेलमालक गंमत म्हणून सुचवतो की नोकराने क्रूसो व्हावं आणि आपण फ्रायडे. नोकर ते मनावर घेतो. मग मालकाचा धीर सुटतो आणि त्याला खेळ थांबवायचा असतो. ही उसनवारी नाही. दुसरा साक्षीदार उभा राहिलाय, आणि त्याची साक्ष अडीचशेहून जास्त वर्षांच्या मौनानंतर येतेय.

हे परक्यांचं भांडण आहे, असं म्हणून सुटता येणार नाही. भा. रा. भागवतांच्या अनुवादांतून ज्यूल व्हर्न आपल्या घरचा झाला. त्याच व्हर्नने १८८० साली वाफेच्या हत्तीची एक कादंबरी लिहिली आणि तिचा खलनायक केला बिठूरच्या नानासाहेब पेशव्यांना. हे कळलं तेव्हा माझं रक्त तापलं. तुमचंही तापेल. मग वॉलकॉटसारख्या कॅरिबियन माणसाचं तापलं तर त्याला मात्र आपण कलेची शिस्त शिकवणार?

आणि आता आपल्या अंगणात या. पालघरच्या पाड्यांवर शुक्रवारी जन्मलेला मुलगा सुकऱ्या, बुधवारचा बुध्या. ती नावं आईबापांनी ठेवलेली. फ्रायडेलाही आईबापांनी ठेवलेलं नाव असणारच. क्रूसोने ते विचारलं नाही. वाचवला त्या वाराचं नाव त्याला चिकटवलं, मग 'मालक' हा शब्द शिकवला आणि सांगितलं, हे माझं नाव. आपल्या शिकारकथा, जंगलकथा, गडकोटांची पुस्तकं उघडा. त्यांत ठाकर, कातकरी येतो तो 'वाटाड्या' म्हणून. ओझं वाहतो, पाणी दाखवतो, आणि माथा गाठला की पानावरून नाहीसा होतो. कितीजणांनी त्याचं पूर्ण नाव लिहिलंय? मीही माझ्या पहिल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. ती चूक मी इथे, तुमच्यासमोर कबूल करतो.

म्हणून या व्यासपीठावरून दोन मागण्या करतो. प्रकाशकांनो, मुलांच्या क्रूसोत झुरीला परत घ्या, त्या ६० नाण्यांसकट. दहा वर्षांच्या मुलाला विश्वासघात चांगला कळतो. आणि समीक्षकांनो, उद्या सुकऱ्याची नात आपल्या आवडत्या जंगलकथा तिच्या बाजूने लिहायला बसेल, तेव्हा तिला 'स्वतःचं लिही' असं सुनावू नका. ती स्वतःचंच लिहीत असेल. तिच्या आजोबांनी वाट दाखवली, तेव्हा आपण मुकाट्याने मागून चाललो होतो. आता गोष्ट ती सांगेल. तेव्हाही तसंच मुकाट्याने ऐकू या.