खाली उतरवलेल्या पिकअपला कोणता टायर?

माझी व्ही-क्रॉस दोन इंच खाली घेतली आणि वीस इंची चाकांचा मोह झाला. आधी विकत घेतली, हिशेब नंतर. मूळ टायर २५५/६० आर१८, व्यास ७६३ मिलिमीटर. नवा २६५/५० आर२०, म्हणजे ७७३. चौघं बसलो, वळणावर खड्डा आला की पुढचा टायर आत घासायचा. एक दिवस जळका वास आला. पाहतो तर कडेचे धागे बाहेर! आणि मागे मुलं बसलेली.

मग २४५/५० आर२० पाहिला, व्यास ७५३. घासला नसता. पण त्यावर लोड इंडेक्स १०२, म्हणजे टायरमागे ८५० किलो; माझ्या जुन्यावर ११२, म्हणजे ११२० किलो. पिकअपमध्ये सामान भरायचंच नाही का? मुकाट्याने अठरा इंची परत चढवली.