थेम्सवर स्वतः बोट चालवताना

"इंग्लंडला आलो तर लंडन आय, बिग बेन सोडून काय करू?" असं तुमच्यापैकी बरेच जण विचारता. माझं उत्तर एकच: एक दिवस काढा, चार-पाच जण मिळून छोटी बोट भाड्याने घ्या आणि थेम्स नदीवर ती स्वतः चालवा. आजचा भाग त्याबद्दल.

मी रेडिंगला नोकरी करतो. गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे किल्ले-म्युझियमं सगळं अवघड. म्हणून विंडसरहून बोट घेतली आणि प्रवाहाच्या दिशेने रनीमीडपर्यंत गेलो. मध्ये दोन लॉक लागतात, रॉमनी आणि ओल्ड विंडसर. दीड-दोन तास सहज जातात.

आधी कामाचं सांगतो. भाड्याची बोट चालवायला इथे वेगळं लायसन्स लागत नाही. बोटवाले अर्धा तास शिकवतात. रस्त्यावर गाड्या डावीकडून, पण नदीत बोटी उजवीकडून. वेगमर्यादा ताशी 8 किलोमीटर, म्हणजे भरभर चालणारा माणूस काठावरून जवळजवळ सोबत करेल. लाइफ जॅकेट घालायचंच. लॉकवर लाल फलक लागला असेल तर प्रवाह जोरात आहे, त्या दिवशी बोट काढायची नाही. आणि बंधाऱ्याकडे 'धोका' लिहिलेलं दिसलं की तिकडे फिरकायचं नाही. पाणी वरून शांत दिसतं, पण ओढून नेतं.

आता लॉक म्हणजे काय? नदीला उतार आहे. बंधारा घातला की वर पाणी खोल आणि खाली उथळ. मग बोट खाली उतरणार कशी? बंधाऱ्याच्या बाजूला दोन्ही टोकांना दरवाजे असलेला एक लांबट हौद बांधतात. वरचा दरवाजा उघडतो, बोट आत जाते, दरवाजा बंद होतो. मग खालच्या झडपा उघडून पाणी सोडतात, बोट पाण्याबरोबर अलगद खाली जाते आणि खालचा दरवाजा उघडतो. पाण्यासाठी पंप नाही. पाणी उचलायचं कामच नाही, ते आपल्या वजनाने उतरतं. दरवाजे प्रवाहाच्या उलट दिशेला टोक करून मिटतात, त्यामुळे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट बसवतो. कॉलेजमध्ये चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलो, पण इतकं साधं आणि चोख डिझाइन क्वचित पाहिलं.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. लॉकमध्ये इंजिन बंद करायचं आणि दोर खुंट्याभोवती नुसता फिरवून हातात धरायचा. गाठ मारायची नाही! पाणी खाली जातं, दोर तसाच राहतो आणि बोट लटकते.

बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. पंचगंगेवरचे बंधारे बघण्यात त्यांची नोकरी गेली. लॉकमध्ये बसल्या बसल्या मी त्यांना फोनवर नॉर्थमूरच्या बंधाऱ्याचा फोटो दाखवला. थेम्सच्या वरच्या भागात तिथे अजून जुनी पद्धत आहे: उभ्या खांबांना टेकवून लाकडी फळ्या लावायच्या, पाणी हवं तसं त्या काढायच्या. बाबा म्हणाले, "अरे, हे तर आपले बरगे!" कोल्हापुरी बंधाऱ्याची आठवण येणारच ना.

लॉक येण्याआधी बोटी याच फळ्यांमधून जायच्या. फळ्या काढल्या की पाण्याचा लोंढा सुटायचा आणि बोट त्याच्यावर स्वार होऊन खाली. वर जाणारी बोट त्याच लोंढ्याविरुद्ध दोराने ओढायची. जिवावरचं काम! शिवाय बंधारा गिरणीवाल्याचा. पाणी सोडलं की त्याचं चाक थांबणार, म्हणून तो अडवून ठेवायचा किंवा पैसे मागायचा. मी हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "वरच्याने बरगे काढले नाहीत तर खालच्याचं पीक वाळतं. भांडण तेच, फक्त इथे पिकाऐवजी बोट."

आणि हे भांडण किती जुनं? रनीमीडच्या कुरणात 15 जून 1215 ला किंग जॉनने मॅग्ना कार्टा मान्य केला. आपल्याला तो हक्कांची सनद म्हणून माहीत असतो. पण त्याच्या 33 व्या कलमात चक्क थेम्समधले मासे पकडायचे बांध काढून टाका असं म्हटलंय. म्हणजे राजाला वाकवणाऱ्या त्या कागदात नदी मोकळी ठेवायची अटही होती. तरी प्रश्न सुटायला वेळ लागला. थेम्सवरचे पहिले दरवाजेवाले लॉक 1630 च्या दशकात ऑक्सफर्डजवळ बांधले गेले. आज लेचलेडपासून टेडिंग्टनपर्यंत 44 आहेत. गिरणीला पाणी राहिलं, बोटीला वाट मिळाली. कलमाने हक्क दिला, पण तो रोज वापरता आला तो या हौदांमुळे.

म्हणून मला ही सफर आवडते. उजव्या हाताला विंडसरचा राजवाडा दिसतो. त्याच्या खालच्या खाजगी काठावर उतरायला बंदी आहे, पण समोरच्या पाण्यातून जायला तुम्हाला कोणी अडवत नाही. लॉकमध्ये लाखो पौंडांची यॉट आणि आमची भाड्याची बोट शेजारी शेजारी, एकाच वेगाने खाली उतरतात.

रनीमीडला उतरलात तर एक ओकचं झाड नक्की शोधा. ते 1994 मध्ये पंतप्रधान नरसिंह राव यांनी लावलंय, आपल्या रामटेकमधून निवडून गेलेले तेच. बाबा त्या झाडाखाली बराच वेळ बसले. मग म्हणाले, "गावी गेलो की आपल्या बंधाऱ्यावर एक चक्कर मारू. यंदा बरगे वेळेवर काढतायत का बघायला हवं."

तुमच्या गावच्या नदीवर बंधारा कोणाच्या हातात आहे? कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!