लगाम कोणाच्या हाती?



कामगार चळवळीतल्या माणसाने व्हिडिओ गेमवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या खेळांपुढचा मुख्य प्रश्न आमच्या रोजच्या परिचयाचा आहे. लगाम कोणाच्या हाती?

सिनेमात कोणता चेहरा केव्हा दिसावा, हे दिग्दर्शक ठरवतो. खेळात सूत्रे खेळणाऱ्याच्या हाती असतात. एकाच वस्तूला दोन्ही व्हायचे म्हटले की ओढाताण आलीच.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ २०२० साली आला. कसरती करणारी राजी असुरांनी पळवलेल्या भावाच्या, गोलूच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू यांच्या संभाषणातून व छायाबाहुल्यांच्या दृश्यांतून कथा उलगडते. कॅमेरा खेळणाऱ्याला फिरवता येत नाही. त्यामुळे महाल-मंदिरे कलावंताने योजली तशीच दिसतात. लढताना मात्र उडी कोठे घ्यावी, त्रिशूळ चालवावा की धनुष्य, हे तुम्ही ठरवायचे. वाट ठरलेली, चाल मोकळी.

अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीने १९९८ साली ‘हाफ-लाइफ’मध्ये निराळा तोडगा काढला. आरंभी नायक रुळांवरच्या गाडीतून प्रयोगशाळेत जातो. गाडी थांबवता येत नाही. पण आत फिरता येते, हवे तिकडे पाहता येते. कथा चालू आहे म्हणून खेळणाऱ्याचे डोळे कोणी झाकत नाही.

आपल्याला हे परके नाही. तमाशातल्या वगाचे कथानक ठरलेले. पण सोंगाड्या कोणते उत्तर फेकील, हे त्या रात्रीच्या रंगावर अवलंबून.

मग साऱ्याच वाटा मोकळ्या का नाहीत? कारण प्रत्येक वाटेला श्रम लागतात. एका निवडीला दोन प्रसंग, पुढे चार, आठ. दहा निवडींनंतर १,०२४ शेवट! सिनेमाच्या थाटाचा प्रत्येक प्रसंग कोणीतरी लिहायचा, चितारायचा, बोलायचा. ती माणसे पडद्यावर दिसत नाहीत. अमेरिकेतल्या ‘सॅग-आफ्ट्रा’ या नटांच्या संघटनेने व्हिडिओ गेमच्या कामावर २०१६ साली संप केला, आणि पुन्हा जुलै २०२४ मध्ये. या दुसऱ्या संपात यंत्राने आवाजाची व हालचालींची नक्कल करण्याविरुद्ध संरक्षण ही प्रमुख मागणी होती.

म्हणून फाटे फोडून पुन्हा एकाच रस्त्याला आणून सोडतात. यात खर्चाचा हिशेब आहे, हे मी समजू शकतो. परंतु निवड दिल्याचा देखावा करायचा आणि परिणाम काहीच बदलायचा नाही, हे मला मान्य नाही. नोटीस फळ्यावर लावून झाल्यावर ‘तुमचे म्हणणे काय?’ असे विचारणारे व्यवस्थापक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. अशा विचारण्याची सवय लागलेली तरुण पिढी उद्या खऱ्या मताधिकाराची किंमत काय करील?

माझे म्हणणे एवढेच. वाट एकच असेल, तर खेळाने ती उघडपणे एकच ठेवावी आणि कथा उत्तम सांगावी. निवड देत असेल, तर तिचा परिणाम दाखवावा. पाच खोट्या निवडींपेक्षा एक खरी निवड पुरे. आणि घरात मूल खेळत असेल, तर रागावण्याआधी शेजारी बसून विचारा, “बाळ, हे तू ठरवलेस, की तुझ्याकडून ठरवून घेतले?” उत्तर देताना मूल विचार करू लागेल. संघटनेचे कामही तेथूनच सुरू होते.