लॉ स्कूलचं प्रदर्शन आणि साडेसत्तावीस डॉलरचा मॅग्ना कार्टा

आजचा भाग छोटा आहे. हा कोडवाला कायद्याच्या कॉलेजात काय करतोय, असं काही जण विचारतील. सांगतो.

कुठल्याही विद्यापीठाच्या लॉ स्कूलचं आगामी कार्यक्रमांचं पान उघडा. वर निवृत्त न्यायमूर्तींचं व्याख्यान, मग मूट कोर्ट, मग एआय आणि कायदा यावर चर्चासत्र (हे हल्ली असतंच). सगळ्यात खाली कुठेतरी असतं ग्रंथालयातल्या जुन्या कागदपत्रांचं प्रदर्शन. तिथपर्यंत कुणी स्क्रोल करत नाही. मी तर म्हणतो, तिथूनच सुरुवात करा.

हार्वर्ड लॉ स्कूलचं उदाहरण घ्या. त्यांच्या ग्रंथालयाने १९४६ साली मॅग्ना कार्टाची एक नक्कल २७.५० डॉलरला विकत घेतली. मॅग्ना कार्टा म्हणजे इंग्लंडच्या राजाची १२१५ सालची सनद. राजालाही कायदा लागू आहे, हे त्याच्याकडून लिहून घेतलेलं. पुढच्या राजांनी ती पुन्हा पुन्हा जारी केली. तर हार्वर्डकडच्या प्रतीची नोंद अशी होती: १३२७ सालची नक्कल, थोडी झिजलेली, ओलीचे डाग. जवळजवळ ऐंशी वर्षं ही नोंद तशीच राहिली.

डिसेंबर २०२३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजचे प्राध्यापक डेव्हिड कार्पेंटर या ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवलेले स्कॅन चाळत होते. समुद्रापलीकडे बसून, बरं का. 'एमएस १७२' उघडलं आणि त्यांना शंका आली, ही नक्कल नाहीच, मूळ सनद आहे! १३०० साली पहिल्या एडवर्डने काढलेली. त्या वर्षीच्या अशा मूळ प्रती आज फक्त सात उरल्यात, ही धरून.

खात्री कशी केली, ते मला सगळ्यात आवडलं. कार्पेंटर आणि ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचे निकोलस व्हिन्सेंट यांनी आधी माप बघितलं. ४८९ बाय ४७३ मिलिमीटर, बाकीच्या सहांशी जुळणारं. मग झिजलेली अक्षरं वाचता यावीत म्हणून हार्वर्डने अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात फोटो काढून दिले. मग शब्दन् शब्द ताडून पाहिला, कारण १३०० च्या मजकुरात शब्दांचा क्रमही काही ठिकाणी बदललेला होता. आपण रोज करतो तो डिफच हा, फक्त लॅटिनमध्ये आणि चर्मपत्रावर. सगळं जुळलं. मे २०२५ मध्ये बातमी जाहीर झाली.

आता बघा, डेटा बरोबर होता, मेटाडेटा चुकीचा होता. काचेच्या पेटीत ठेवलं असतं तर लोकांनी शेजारची चिठ्ठी वाचली असती, '१३२७ ची नक्कल', आणि पुढे गेले असते. स्कॅन सगळ्यांना खुला होता म्हणून एका परक्या माणसाला ती चिठ्ठी खोडता आली.

आपल्याकडे मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ पासूनचं. डॉ. आंबेडकर १९३५ मध्ये तिथे प्राचार्य झाले. एवढ्या जुन्या संस्था आपल्याकडे आहेत. पण प्रदर्शन म्हटलं की मी पाहिलेला प्रकार असा: दोन दिवस, गेटवर आयकार्ड, मग सगळं परत कपाटात. एका कॉलेजात तर मला फोटोही काढू दिला नाही. कागद जपायला हवेत, मान्य. पण फ्लॅश न वापरता काढलेल्या फोटोने कागदाचं काय बिघडणार?

तुमच्यापैकी कुणी लॉ कॉलेजात असाल, तर पुढच्या प्रदर्शनाच्या आधी ग्रंथपालांना विचारा, याचे स्कॅन कुठे ठेवणार आहात? ठेवायला जागा नाही म्हणाले, तर मला मेल करा. सर्व्हरचं मी बघतो.