शाळेची भिंत आणि सर्वात कमी आकडा

(बांधकाम कामगार व शिक्षक यांच्या संयुक्त सभेतील भाषणाचा मजकूर)



राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात २५ जुलै २०२५ रोजी एका सरकारी शाळेचे छत कोसळले आणि सात मुले मृत्युमुखी पडली. अशा प्रसंगी चार दिवस हळहळ व्यक्त होते, काहींना निलंबित केले जाते. पण शाळेचे काम कोणाला, कोणत्या कसोटीवर दिले जाते आणि ते तपासतो कोण, हा मूळ प्रश्न तसाच राहतो. निविदांचे नियम हा कारकुनांचा विषय आहे, अशी आपली समजूत करून देण्यात आली आहे. ती किती खोटी आहे हे दाखविण्यासाठी मी आज अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा अनुभव मांडणार आहे. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यातला असल्यामुळेच तो अधिक बोलका आहे.

१० मार्च १९३३ रोजी संध्याकाळी सहाच्या सुमारास लाँग बीच येथे भूकंप झाला. सुमारे १२० माणसे दगावली. ७० शाळा उद्ध्वस्त झाल्या. मुले घरी गेली होती म्हणूनच वाचली. हाच भूकंप काही तास आधी झाला असता तर काय झाले असते, हे प्रत्येक आईबापाला कळले. महिन्याभरातच, १० एप्रिल रोजी, 'फील्ड कायदा' संमत झाला. सार्वजनिक शाळेचे नकाशे राज्याच्या यंत्रणेने तपासल्याशिवाय काम सुरू करावयाचे नाही, आणि बांधकामावर कंत्राटदाराच्या अधीन नसलेला निरीक्षक सतत हजर असला पाहिजे, असा दंडक त्याने घातला.

तेथे शाळा चालविणाऱ्या स्थानिक संस्थेला शालेय जिल्हा म्हणतात. तिचा कारभार निवडून आलेले मंडळ पाहते. ठराविक रकमेवरील बांधकामासाठी या मंडळाला जाहीर निविदा मागवाव्या लागतात. काम मिळते ते सर्वात कमी बोली लावणाऱ्या 'जबाबदार' कंत्राटदाराला. 'जबाबदार' हा शब्द येथे शोभेचा नाही. काम निभावण्याची पात्रता व विश्वासार्हता नसेल, तर बोली कितीही कमी असो, ती नाकारता येते.

वास्तुशिल्पी व अभियंते यांच्या सेवांना मात्र वेगळा नियम आहे. त्यांची निवड सिद्ध झालेल्या कौशल्यावर व पात्रतेवर करावयाची आणि मोबदला वाजवी ठरवावयाचा. कारण उघड आहे. विटा स्वस्तात मागता येतात, पण खांबात किती लोखंड हवे याचा हिशेब स्वस्तात मागू नये. मुलांच्या सुरक्षिततेचा लिलाव होऊ शकत नाही.

आता कामगारांचा प्रश्न. बोली कमी करण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे मजुरी कापणे. म्हणून १९३१ पासून तेथे सार्वजनिक बांधकामावर त्या भागातील प्रचलित वेतनदर बंधनकारक आहे. शिवाय मुख्य कंत्राटदाराला आपल्या पोटकंत्राटदारांची नावे बोलीतच द्यावी लागतात. काम पदरात पडल्यावर त्यांना एकमेकांविरुद्ध झुंजवून दर पाडण्याचा धंदा त्यामुळे अवघड होतो.

परंतु मित्रहो, नियम आहे तेथे पळवाट शोधणारे असतातच. शाळेची जमीन नाममात्र भाड्याने कंत्राटदाराला द्यावयाची, त्याने इमारत बांधून ती परत भाड्याने द्यावयाची, आणि या आडून निविदा टाळावयाच्या, असा प्रकार कित्येक शालेय जिल्ह्यांनी केला. फ्रेस्नो येथील एका नागरिकाने याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. जो आधी सल्लागार होता त्यालाच पुढे बांधकाम मिळाले, हाही त्याचा आक्षेप होता. २०१५ साली अपील न्यायालयाने दावा चालविण्यास आधार आहे असे ठरविले. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा बदलला आणि अशा व्यवहारांतही स्पर्धात्मक निवड सक्तीची केली.

यातून बोध कोणता? आपल्याकडेही केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत सल्लागाराची निवड गुणवत्ता व खर्च या दोन्हींच्या आधारे करण्याची तरतूद आहे. पण कागदावरील तरतूद आपोआप भिंतीत उतरत नाही. ती उतरविण्यासाठी संघटित जनतेची नजर लागते. सर्वात कमी आकड्याचे कौतुक करण्यापूर्वी आपण विचारले पाहिजे, हा आकडा कशातून कमी झाला? सिमेंटातून, मजुरीतून, की नफ्यातून?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक शाळेच्या कामाची निविदा, मंजूर दर आणि वेतनदर शाळेच्या दारावर लावा. निरीक्षक कंत्राटदाराच्या मेहेरबानीवर राहता कामा नये. पालक, शिक्षक व कामगार यांना ही कागदपत्रे तपासण्याचा अधिकार हवा. कॅलिफोर्नियाने भूकंपानंतर एका महिन्यात कायदा केला. आपण आणखी किती छते कोसळण्याची वाट पाहणार आहोत?