एक सैल स्क्रू
(वसतिगृहातील तांत्रिक वर्गाच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



मी इलेक्ट्रिशियन नाही. ईश्वरविज्ञान शिकलो आणि आदिवासी मुलांमध्ये काम करतो. पण गेल्या पावसाळ्यात एका स्क्रूने मला धडा दिला. रात्री वसतिगृहात जळकट वास आला. मेन स्विच बंद केला. सकाळी मिस्त्रींनी पॅनेल उघडले, तर टर्मिनलवरच्या वायरचे आवरण करपले होते. वायर चांगली, ब्रेकर चांगला. फक्त स्क्रू सैल. भिंतीपलीकडे मुली झोपल्या होत्या.

सैल जोडाचा रोध वाढतो. रोध एक मिलिओहम असला, तरी 100 अँपिअर प्रवाहाने तिथे 10 वॅट उष्णता निर्माण होते. तापून-निवून जोड आणखी सैल होतो. ब्रेकरही पडत नाही, कारण प्रवाह वाढलेला नसतो.

म्हणून आमच्या वर्गाच्या फळ्यावर आता चार गोष्टी लिहिलेल्या असतात. पहिली : वायरला योग्य मापाचा लग क्रिंप करा, बसत नाही म्हणून तारेचे धागे छाटू नका. दुसरी : बसबार स्वच्छ पुसा आणि वॉशर ठरलेल्या क्रमानेच घाला. तिसरी : उत्पादकाने दिलेल्या मापाइतकेच टॉर्क पान्याने आवळा. जास्त पिळले की आटे जातात, बोल्ट ताणला जातो. चौथी : आवळून झाल्यावर नटापासून पट्टीपर्यंत मार्करची रेघ ओढा. नट फिरला, तर रेघ सरकलेली दिसते. पॅनेल ट्रकमधून जागेवर पोहोचले, की वीज जोडण्याआधी सगळे पुन्हा तपासा. रस्त्याचे धक्के नट सैल करतात.

आमची मुले ताकदीने कमी नाहीत. लहानपणापासून लाकडे फोडलेले हात आहेत ते. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने एकेका बोल्टचे आटे घालवले! जोर किती लावायचा यापेक्षा कुठे थांबायचे, हे शिकवणे अवघड असते. ते हाताला कळत नाही, टॉर्क पान्याला कळते.

बारा मुलांमागे आमच्याकडे असा एकच पाना आहे. रांगेत कंटाळलेला मुलगा साधा पाना उचलून अंदाजाने आवळतो, आणि तीच सवय उद्या कारखान्यात घेऊन जातो. त्याने जोडलेले पॅनेल एखाद्या दवाखान्यात लागेल, एखाद्या शाळेत लागेल. आपल्या मंडळीने आणखी दोन पाने दिले, तर ही रांग संपेल. एवढीच विनंती.